चौकटीमागचे हात

डीसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या 'ऑल-अमेरिकन मेन ऑफ वॉर' या युद्धकथांच्या नियतकालिकाचा 89 वा अंक 1962 च्या जानेवारी-फेब्रुवारीचा आहे. त्यात 'स्टार जॉकी' नावाची एक चित्रकथा आहे. दुसऱ्या महायुद्धात मस्टँग विमान चालवणारा जॉनी क्लाउड हा नवाहो जमातीचा वैमानिक तिचा नायक. कथेच्या ओघात त्याला भविष्यकाळ दिसतो. त्या दृश्यात तो जेट विमानात बसलेला असतो आणि समोरचे शत्रूचे विमान त्याच्या अग्निबाणाने फुटते. शत्रूचा आता जळता तारा झाला, अशा अर्थाचे वाक्य त्याच्या तोंडी येते. ही चौकट अर्व्ह नोव्हिक या चित्रकाराने काढली.

1963 मध्ये अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टनस्टाइन यांनी याच चौकटीवरून 'व्हॅम!' हे चित्र रंगवले. शेजारी शेजारी लावलेले दोन कॅनव्हास, उंची पावणेदोन मीटरच्या जवळपास आणि एकूण रुंदी चार मीटरहून थोडी अधिक. 1966 मध्ये लंडनच्या टेट गॅलरीने ते विकत घेतले आणि तेव्हापासून पॉप आर्ट, म्हणजे जाहिराती आणि कॉमिक्ससारख्या रोजच्या छापील चित्रांतून उभी राहिलेली कला, म्हटले की जी दोन-चार चित्रे कोणाच्याही डोळ्यांसमोर येतात, त्यांत ते आहे. नोव्हिक यांचे नाव मात्र कॉमिक्सच्या जाणकारांबाहेर कोणाला फारसे ठाऊक नाही. समकालीन कलेत कॉमिक्सची चित्रे वापरली जातात तेव्हा त्या चित्रांचा कर्ता कोण, या प्रश्नाकडे मी अनेक वर्षे वळून वळून येते आहे, आणि प्रत्येक वेळी सुरुवात याच जोडीपासून करावी लागते, कारण ही जोडी जितकी जवळून पाहावी तितका तो प्रश्न अवघड होत जातो.

दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की लिक्टनस्टाइन यांनी सरळ नक्कल केलेली नाही. नोव्हिक यांच्या एका चौकटीचे त्यांनी दोन भाग केले. डावीकडे मारा करणारे विमान, उजवीकडे स्फोट, आणि मधल्या फटीला ओलांडून जाणारी अग्निबाणाची रेघ. वैमानिकाच्या बोलण्याचा फुगा त्यांनी काढून टाकला. मूळ चौकटीत लाल असलेली आवाजाची अक्षरे पिवळी केली. वरचे निवेदन ठेवले, पण त्या निवेदनामागची कथा, भविष्य पाहणारा नवाहो वैमानिक, त्याचे नाव, सगळे गळून गेले. आणखीही एक गोष्ट आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी दोन्ही विमाने बदलली. कॉमिक्सचे अभ्यासक पॉल ग्रॅव्हेट यांनी असे सुचवले आहे की, मारा करणारे विमान जेरी ग्रँडेनेटी यांनी पुढच्याच, म्हणजे 90 व्या अंकात काढलेल्या कथेतून आले आहे आणि फुटणारे विमान 89 व्या अंकातल्याच दुसऱ्या एका कथेतले, रस हीथ यांनी काढलेले आहे. हे मान्य केले तर एका चित्रात तीन व्यावसायिक चित्रकारांचे हात एकत्र आले आहेत, आणि ते एकत्र आणणारा चौथा हात तेवढा आपल्या ओळखीचा आहे.

टेट मॉडर्नमध्ये या चित्रासमोर उभी राहिले तेव्हा त्याची ताकद मला नाकारता आली नाही, आणि ती नाकारण्याची गरजही वाटत नाही. हातात धरून पाच सेकंदांत उलटायच्या पानावरचा स्फोट माणसाच्या उंचीएवढा होऊन भिंतीवर थांबतो, तेव्हा त्यात काय आहे हे पाहणे भाग पडते. ज्वाळांच्या कडा जवळजवळ सजावटीच्या आहेत. त्यांत भीती नाही. मृत्यूचे चित्र इतके देखणे आणि इतके थंड असू शकते ही जाणीव लिक्टनस्टाइन यांच्या मांडणीतून येते आणि तिचे श्रेय त्यांचेच आहे. 1963 मध्येच दिलेल्या एका मुलाखतीत त्यांनी आपली बाजू मांडताना म्हटले होते की, कॉमिक्समधल्या चित्रापेक्षा आपल्या चित्रातला फरक पुष्कळदा मोठा नसतो, पण तो निर्णायक असतो. 'व्हॅम!'च्या बाबतीत मला हे पटते.

'ड्राउनिंग गर्ल' या चित्राच्या बाबतीत तर अधिकच पटते. हे चित्रही 1963 चेच, सध्या न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात असलेले. त्याचे मूळ 'सीक्रेट हार्ट्स' या प्रेमकथांच्या नियतकालिकाच्या 83 व्या अंकातील 'रन फॉर लव्ह!' या कथेत आहे. चित्रे टोनी अब्रुझो यांची, अक्षरे आयरा श्नॅप यांची. अब्रुझो यांच्या चौकटीत बुडणाऱ्या मुलीच्या मागे उलटलेली होडी आहे आणि त्या होडीला धरून राहिलेला तिचा प्रियकर आहे. तिच्या फुग्यातले वाक्य सांगते की पायात गोळा आला तरी चालेल, पण मॅलला हाक मारण्यापेक्षा मी बुडेन. लिक्टनस्टाइन यांनी होडी काढली, प्रियकर काढला, पायातला गोळा काढला आणि मॅलचा ब्रॅड केला. उरले ते केस, अश्रू, एक हात आणि चारही बाजूंनी वळणारे पाणी. त्या लाटांमागे होकुसाई या जपानी चित्रकाराच्या लाटा आहेत असे त्यांनी स्वतः सांगितले होते. अब्रुझो यांच्या चौकटीत एका भांडणाची, एका दुपारची हकीकत होती. इथे कारण नाहीसे होऊन निव्वळ निर्धार उरतो, आणि पाणी व केस यांतला फरक जवळजवळ पुसला जातो. हे काम साधे नाही.

म्हणून 'हे रूपांतर आहे की चोरी' अशा जोडीत हा वाद मांडला जातो तेव्हा मला तो चुकीच्या जागी उभा केल्यासारखा वाटतो. रूपांतर झाले आहे हे सिद्ध केल्याने मूळ चित्र कोणी काढले हा प्रश्न मिटत नाही. उलट होकुसाईचे नाव चित्रकाराच्या तोंडून येते आणि अब्रुझोचे येत नाही, यातच खरा प्रश्न दिसतो. होकुसाई हा कलावंत होता आणि त्याच्याकडून घेणे म्हणजे परंपरेशी बोलणे. अब्रुझो यांच्याकडून घेणे म्हणजे रस्त्यावर पडलेली वस्तू उचलणे, असा तो भेद होता. समुद्र कोणी काढलेला नसतो, आणि डोंगर रंगवणाऱ्याला डोंगराची परवानगी घ्यावी लागत नाही. कॉमिक्सचे पान त्या डोंगराच्या रांगेत नेऊन बसवण्यात आले होते.

याच काळातली एक वेगळी घटना हा भेद स्पष्ट करते. एर्ल लोरन हे कॅलिफोर्नियातील चित्रकार आणि प्राध्यापक होते. सेझान या फ्रेंच चित्रकाराच्या चित्ररचनेवर त्यांनी 1943 मध्ये एक पुस्तक लिहिले होते आणि त्यात सेझानची चित्रे रेघांच्या आकृत्यांनी उलगडून दाखवली होती. त्यांतली श्रीमती सेझान यांची आकृती लिक्टनस्टाइन यांनी 1962 मध्ये मोठ्या कॅनव्हासवर उतरवली. लोरन संतापले आणि त्यांनी अमेरिकेतल्या प्रतिष्ठित कलानियतकालिकांत 1963 मध्ये आक्षेपाचे लेख लिहिले. त्यावर चर्चा झाली, बाजू मांडल्या गेल्या, आजही लिक्टनस्टाइन यांच्यावरच्या अभ्यासात लोरन यांचे नाव येतेच. आकृती स्वतःच सेझानच्या चित्रावरून केलेली होती हे लक्षात घेतले, तर लोरन यांचा हक्क नोव्हिक किंवा अब्रुझो यांच्यापेक्षा बळकट होता असे म्हणता येत नाही. पण लोरन यांच्यापाशी विद्यापीठ होते, पुस्तकावर छापलेले नाव होते आणि आपला लेख छापणारे नियतकालिक होते. कॉमिक्सच्या चित्रकाराकडे यातले काही नव्हते, आणि पुष्कळदा स्वतःच्या कथेवर नावसुद्धा नव्हते.

हे नाव का नव्हते, ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि माझ्या मते लिक्टनस्टाइन यांच्यावर टीका करणारे पुष्कळ लोक इथे घाई करतात. नाव पुसण्याचे काम चित्रकाराने केले त्याआधी धंद्याने केले होते. त्या काळातील अमेरिकन कॉमिक्सचे चित्रकार पानामागे ठरलेल्या दराने काम करत. पान दिले, पैसे घेतले, की ते पान, त्यावरची पात्रे, पुनर्मुद्रणाचा हक्क सगळे प्रकाशनसंस्थेचे. काही ठिकाणी तर मानधनाच्या धनादेशामागेच हक्क सोडल्याचा मजकूर छापलेला असे. धनादेश वटवण्यासाठी सही केली की तीच संमती. मूळ चित्रेही परत मिळत नसत. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी 1938 मध्ये सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरला विकले होते आणि त्यांची नावे सुपरमॅनच्या कथांवर सन्मानाने परत यायला, वर्षासन सुरू व्हायला 1975 उजाडावे लागले. बॅटमॅन घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते लेखक बिल फिंगर 1974 मध्ये वारले. त्यांचे नाव अधिकृतपणे निर्मात्यांत आले ते 2015 मध्ये. चित्रकार जॅक कर्बी यांना स्वतः काढलेली मूळ पाने मार्व्हल या प्रकाशनसंस्थेकडून परत मिळवण्यासाठी 1980 च्या दशकात जाहीर झगडा करावा लागला आणि 1987 मध्ये मिळाली तीही एकूण कामातली थोडीच. याच कर्बी यांनी 1963 मध्ये 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकात काढलेल्या मॅग्नेटो या खलनायकाच्या डोळ्यांवरून लिक्टनस्टाइन यांनी 'इमेज डुप्लिकेटर' हे चित्र केले. 'माझ्या प्रतिमा-प्रतीयंत्राबद्दल तुला काय ठाऊक आहे?' अशा अर्थाचा प्रश्न त्या चित्रातले ते डोळे विचारतात. आपण काय करत आहोत याची लिक्टनस्टाइन यांना पुरती जाणीव होती, हे या एका चित्रावरून कळते.

कर्त्याचा प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही, कारण मूळ चौकट तरी एकट्याची कुठे असते? कथा रॉबर्ट कॅनिगर यांच्यासारखा लेखक-संपादक लिहितो, पेन्सिलीने चित्र एक जण काढतो, पुष्कळदा शाई दुसरा भरतो, फुग्यांतली आणि आवाजांची अक्षरे तिसरा लिहितो, रंगांच्या सूचना चौथा देतो. त्या सूचनांप्रमाणे प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट करण्याचे काम कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टसारख्या ठिकाणी चालत असे आणि त्या कामावर प्रामुख्याने स्त्रिया असत. लिक्टनस्टाइन यांची ओळख बनलेले ते ठिपके तर कोणत्याच चित्रकाराने काढलेले नव्हते. बेंजामिन डे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या छपाईच्या पद्धतीतून ते आले होते: थोड्या शाईत फिकट छटा मिळावी म्हणून केलेली सोय. लिक्टनस्टाइन यांनी सुरुवातीला कुत्र्याचे केस विंचरण्याचा ब्रश रंगात बुडवून हे ठिपके उठवले आणि पुढे छिद्रे पाडलेल्या पत्र्याची जाळी कॅनव्हासवर ठेवून त्यातून रंग घासला.

इथे मला त्यांच्या चित्रांतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. नोव्हिक, हीथ, अब्रुझो यांच्या रेघा कुंचल्याने शाईत ओढलेल्या आहेत. त्या जाड होतात, बारीक होतात, केसांच्या टोकाशी विरतात, विमानाच्या पंखाखाली दाटतात. रस हीथ तर यंत्रांच्या तपशिलांसाठी नावाजलेले होते. रणगाडा किंवा विमान काढताना कुठला खिळा कुठे असतो हे त्यांना पाठ असे. लिक्टनस्टाइन छोट्या रेखाटनावरून प्रक्षेपकाच्या मदतीने आकृती कॅनव्हासवर नेत आणि मग रेघ सपाट, सारख्या जाडीची, यंत्रातून निघाल्यासारखी करत. म्हणजे मूळ पानात जे हाताचे होते ते त्यांनी काढून टाकले आणि जे छापखान्याचे होते ते मोठे करून दाखवले. त्यानंतर त्या चित्रांकडे पाहणाऱ्या दोन-तीन पिढ्यांना वाटत राहिले की कॉमिक्स म्हणजे असेच, ठिपक्यांचे, सपाट, बिनहाताचे काहीतरी. नाव न लिहिणे ही एक गोष्ट झाली. पण ज्याच्याकडून घेतले त्याचे कौशल्यच नव्हते असे चित्रातून ठसत जाणे, ही त्याहून खोल जाणारी इजा आहे. लिक्टनस्टाइन यांचा हेतू तसा होता असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र तसा झाला.

कॉमिक्सच्या चित्रकारांनी याला दिलेली उत्तरे बहुधा चित्रांतूनच आली आहेत. रस हीथ यांनी उतारवयात एका पानाची चित्रकथा काढली. अडचणीत सापडलेल्या वृद्ध कॉमिक्स-कलावंतांना मदत करणाऱ्या 'हीरो इनिशिएटिव्ह' या संस्थेसाठी ती होती, आणि आपल्या रेखाटनांवरून झालेल्या महागड्या चित्रांतून आपल्याला काहीच मिळाले नाही हे तिच्यात त्यांनी सांगितले आहे. 2018 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, ते गेले. 'वॉचमेन' या कॉमिक्सचे चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी लिक्टनस्टाइन यांच्यावर सातत्याने टीका केली. टेट मॉडर्नमध्ये 2013 मध्ये लिक्टनस्टाइन यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, तेव्हा लंडनमधल्याच एका कॉमिक्सच्या दुकानाच्या दालनात कॉमिक्स आणि संकल्पन क्षेत्रातल्या लोकांनी 'इमेज डुप्लिकेटर' याच नावाचे दुसरे प्रदर्शन भरवले. नियम साधा होता: मूळ चौकटीकडे परत जायचे, तिच्यावरून नवे चित्र करायचे आणि मूळ चित्रकाराचे नाव लिहायचे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले कलाशिक्षक डेव्हिड बार्सालू यांनी तर दशकानुदशके जुने अंक धुंडाळून लिक्टनस्टाइन यांच्या चित्रांच्या मूळ चौकटी शोधून काढल्या आणि शेजारी शेजारी लावून लोकांपुढे ठेवल्या. आज आपण नोव्हिक आणि अब्रुझो ही नावे सहज उच्चारतो, त्यामागे अशा चिकाटीच्या वाचकांचे श्रम आहेत. संग्रहालयांनी हे काम आधी करायला हवे होते असे मला ठामपणे वाटते; त्यांच्याकडे ग्रंथालये होती, संशोधक होते आणि पैसा होता.

पैशाचा उल्लेख आलाच आहे तर एकच आकडा पुरे. लिक्टनस्टाइन यांचे 1962 चे 'मास्टरपीस' हे चित्र 2017 मध्ये 16 कोटी 50 लाख डॉलरला विकले गेल्याचे जाहीर झाले. विकणाऱ्या अ‍ॅग्नेस गुंड यांनी त्यातले 10 कोटी डॉलर तुरुंग आणि न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांच्या कामाला दिले, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. पण असे आकडे पाहून कॉमिक्सच्या चित्रकारांचे एवढे कोटी बुडाले असा हिशोब मांडणे मला योग्य वाटत नाही. ती किंमत बाजाराने लिक्टनस्टाइन या नावाला दिली आहे. नोव्हिक यांची चौकट दिसायला कितीही जवळची असली तरी त्या बाजारात तिला तो भाव आला नसता. मला सलतो तो नावाचा प्रश्न.

कायद्याकडे पाहावे तर तिथेही या नावाला जागा नाही, निदान अमेरिकेत तरी नव्हती. डीसी कॉमिक्सने लिक्टनस्टाइन यांना न्यायालयात खेचले नाही. आणि खेचले असते तरी हक्क कंपनीचा होता, नोव्हिक यांचा नव्हता. शिल्पकार जेफ कून्स यांनी 1988 मध्ये 'वाइल्ड बॉय अँड पपी' या शिल्पात 'गारफील्ड' या चित्रमालिकेतील ओडी हा कुत्रा वापरला, तेव्हा खटला झाला आणि 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने कून्स यांच्या विरोधात निकाल दिला. पण तो खटला ओडीचा निर्माता जिम डेव्हिस यांनी केलेला नव्हता. तो युनायटेड फीचर सिंडिकेट या हक्कधारक कंपनीचा होता. 2023 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॉप चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या नावाच्या फाउंडेशनच्या विरोधात, लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकाराच्या बाजूने 7 विरुद्ध 2 असा निकाल दिला, तेव्हा ज्या छायाचित्रावरून वॉरहॉल यांनी चित्रे केली होती त्याचा हक्क तिच्याकडेच होता म्हणून ती लढू शकली. कायदा मालकाला ओळखतो. रेघ ओढणाऱ्याला ओळखेलच असे नाही. कलावंताच्या नावाचा हक्क मान्य करणारा कायदा अमेरिकेने 1990 मध्ये केला, पण पुस्तके, नियतकालिके आणि कंपनीसाठी करून दिलेले काम त्यातून वगळले. आपल्याकडचा 1957 चा कॉपीराइट कायदा या एका बाबतीत अधिक उदार आहे. त्याच्या 57 व्या कलमानुसार हक्क विकून टाकल्यानंतरही 'ही कृती माझी आहे' असे सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. विज्ञान भवनातून काढून टाकलेल्या आपल्या भित्तिशिल्पासाठी अमरनाथ सहगल याच कलमाच्या आधारे लढले आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

या कलमाची आठवण मला होते ती एका वेगळ्याच कलाकृतीमुळे, आणि तिच्यापाशी हा प्रश्न आपल्या दारात येतो. चित्रा गणेश या 1975 मध्ये ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या चित्रकार आहेत. 2002 मध्ये त्यांनी 'टेल्स ऑफ अ‍ॅम्नेशिया' ही 21 मुद्रित चित्रांची मालिका केली. तिची भाषा सरळसरळ अमर चित्र कथेची आहे: तीच चौकटींची मांडणी, तेच रंग, तेच पाणीदार डोळे, दागिने, वने आणि महाल. पण त्यांतल्या स्त्रिया आता कोणाची वाट पाहत नाहीत. त्यांची शरीरे तुटतात, जुळतात, हातापायांची संख्या बदलते, आणि फुग्यांतले संवाद कथा पुढे नेण्याऐवजी स्वप्नातल्यासारखे बोलतात. अ‍ॅम्नेशिया नावाची मुलगी या जगातून फिरते. ज्या चित्रकथांनी आम्हा अनेकांना सीता, द्रौपदी, शकुंतला कशा दिसतात ते शिकवले, त्यांच्याच रेघेने वेगळी स्त्री काढणे यात मला धैर्य दिसते. या मालिकेला जुने पान लागतेच. ते ओळखीचे नसेल तर नव्या पानाचा धक्का बसणारच नाही. चित्रा गणेश आपले मूळ लपवतही नाहीत. अमर चित्र कथेचे नाव त्यांच्या कामाबरोबर नेहमी घेतले जाते, आणि लिक्टनस्टाइन यांच्या काळापासून आपण एवढे पुढे आलो आहोत ही समाधानाची गोष्ट आहे.

पण 'अमर चित्र कथा' हे मालिकेचे नाव आहे. 1967 मध्ये मुंबईत इंडिया बुक हाउसने सुरू केलेल्या या मालिकेबरोबर आपण संपादक अनंत पै यांचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. ते डोळे, ती वने, ते महाल काढले कोणी? पौराणिक कथांतला पहिला 'कृष्ण' राम वाईरकर यांनी काढला. पुढे 'टिंकल'मधल्या सुपंडीला रूपही त्यांनीच दिले. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी कितीतरी अंक काढले आणि नंतर हिंदी वाचकांच्या नागराज या कॉमिक्स-नायकाला 1986 मध्ये पहिले रूप दिले. महाभारताच्या 42 अंकांच्या मालिकेवर दिलीप कदम यांचा हात आहे. सी. एम. विटणकर आहेत, युसूफ लीन आहेत, सौरेन रॉय आहेत. यांतली बरीच नावे आपल्या गल्लीबोळांतली वाटावीत अशी मराठी आहेत. अमेरिकन कॉमिक्सपेक्षा अमर चित्र कथेची रीत चांगली होती. पुष्कळ अंकांच्या आतल्या पानावर लेखक आणि चित्रकार यांची नावे छापलेली असत. म्हणजे इथे नाव पुसलेले नव्हते, ते वाचले गेले नव्हते. मराठी अंकांवर वाढलेल्या माझ्या पिढीत मुळीक यांची रेघ आणि वाईरकर यांची रेघ वेगळी ओळखणारे खूप होते. मुळीक यांच्या पुरुषांच्या खांद्यांत आणि मनगटांत एक दणकटपणा असे, वाईरकर यांच्या चेहऱ्यांत खट्याळ गोलाई असे. नाव ठाऊक नसतानाही हा अंक 'त्या'ने काढलेला, हे पोरांना कळत असे.

या चित्रकारांनीही मोकळ्या हाताने घेतले होते, हे विसरून चालणार नाही. अमर चित्र कथेतल्या देवदेवता आणि नायिका राजा रविवर्मा यांच्या तैलरंगातून, त्यांच्या छापखान्याने घरोघरी पोहोचवलेल्या शिळाछापांतून, कॅलेंडरांतून आणि परदेशी कॉमिक्सच्या चौकटींतून आल्या आहेत. रविवर्मांनी स्वतः युरोपीय चित्रपद्धतीकडून घेतले होते. घेण्याची ही साखळी तोडता येत नाही आणि तोडूही नये. चित्रा गणेश त्या साखळीतला पुढचा दुवा आहेत. पण या साखळीत रविवर्मांचे नाव टिकले, चित्रा गणेश यांचे टिकेल, आणि मधल्या दुव्याच्या जागी एका मालिकेचे नाव राहिले. कलादालनातल्या माहितीपट्टीवर 'अमर चित्र कथेवरून प्रेरित' असे लिहिले जाते तेव्हा माझे समाधान होत नाही ते यामुळे. कुठल्या अंकातल्या, कुठल्या पानावरच्या, कोणाच्या चित्रावरून, हे सांगता येत असेल तर ते सांगितले जावे.

बार्सालू यांनी एकट्याने लिक्टनस्टाइन यांच्यासाठी जे केले, ते काम 'टेल्स ऑफ अ‍ॅम्नेशिया'सारख्या कलाकृतींसाठी आणि एकूणच आपल्याकडच्या चित्रकथांसाठी करायला हवे, आणि ते ब्रुकलिनमध्ये बसून होणारे नाही. ते अंक मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात घरांच्या माळ्यांवर आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आहेत, मराठी आवृत्त्यांसह. रेघ पाहून हात ओळखणारे वाचक आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांनी आपापल्याकडचे अंक उघडून आतल्या पानावरची नावे, अंकाचा क्रमांक आणि साल टिपून एका जागी जमवायला सुरुवात केली, तर कुठली चौकट वाईरकर यांची आणि कुठली मुळीक यांची हे कलादालनांना विचारण्यासाठी आपल्यापाशी येणे भाग पडेल. माझ्याकडच्या अंकांची अशी यादी मी करायला घेतली आहे, आणि ज्यांच्याकडे 1970 च्या दशकातले मराठी अंक आहेत त्यांच्याकडून तिच्यात भर पडावी अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.